साडेअकरा फूट सरळ, मग डावीकडे

चहाचा कप स्वयंपाकघरातून झोपायच्या खोलीत न्यायचा तर ओट्यापासून साडेअकरा फूट सरळ जायचं, मग डावीकडे काटकोनात वळायचं, आणि पुढे साडेपाच फूट गेलं की पलंग येतो. धडधाकट माणसाला आठ-नऊ पावलं पुरतात. ओळंबासाहेबांना या कामासाठी नऊ दिवस, तीन चाकांची एक गाडी, सहा कप आणि नगरपालिकेचा एक अभियंता लागला. त्यातले कप तर कायमचेच गेले.

ओळंबासाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. भिंत सरळ उठतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीला बांधून जे वजन सोडतो, तो ओळंबा. जमीनमोजणीच्या खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या या गृहस्थांना वाकडं काही बघवत नसे, म्हणून खात्यातल्याच कुणीतरी हे नाव पाडलं. त्यांच्या कानावर ते आलं तेव्हा खरं तर राग यायला हवा होता, पण ते मनातून खूश झाले. दुसऱ्यांच्या घरी गेले तरी आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचे आणि मगच पाणी प्यायचे.

त्यांची बायको माळ्यावरून जुन्या नकाशांची गुंडाळी काढताना स्टुलावरून पडली. नकाशे साहेबांचे होते. स्टूलही साहेबांनीच धरलं होतं, आणि ऐन वेळी स्टुलाचा एक पाय फरशीच्या रेषेत नाही असं वाटून त्यांनी तो जरासा सरळ केला होता. बायकोच्या पावलाचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही असं बजावलं.

त्याच दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, मेहुणीबाईंचा फोन आला. मेहुणीबाई म्हणजे बायकोची थोरली बहीण. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचा आवाज अजून नोकरीत होता.

"भाऊजी, मी तिला सहा आठवडे माझ्याकडे घेऊन जाते."

"कशाला ताई? मी आहे ना इथे."

"तेच म्हणतेय मी. तुम्ही आहात. तिला चहा हवा झाला तर तीच लंगडत उठेल आणि दुसरा पायही मोडून घेईल."

"मी सगळी व्यवस्था करतो."

"करा. माझ्या घराला रंग चाललाय, म्हणून येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येते. व्यवस्था दिसली तर राहू दे तिला. नाही दिसली तर बॅग भरून तयार ठेवा."

साहेबांनी फोन ठेवला. एकतीस वर्षांच्या संसारात बायको चार दिवसांपेक्षा जास्त कधी घराबाहेर राहिली नव्हती. त्या चार दिवसांत साहेबांनी घरातली सगळी घड्याळं सेकंदावर जुळवली होती, आणि मग करायला काही उरलं नाही म्हणून जिन्याच्या पायऱ्यांची उंची मोजली होती. सहा आठवडे ही बाई घरात नसेल तर आपण भांडायचं कुणाशी आणि केलेलं काम दाखवायचं कुणाला, हा विचारच त्यांना सोसवेना. त्यांना ती हवी होती, बस. हे त्यांनी आत जाऊन तिला सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण त्यांच्या खात्यात तोंडी काही चालत नसे.

स्वयंपाकाच्या बाई दोन वेळा येऊन जात, त्यामुळे जेवणाची चिंता नव्हती. अडत होतं ते चहावर. बायकोला दिवसातून सहा वेळा चहा लागे, अर्धा अर्धा कप का होईना. आता, व्यवस्था करणं म्हणजे आपण उठून कप नेऊन देणं, असा साधा अर्थ एखाद्याने काढला असता. साहेबांनी काढला नाही. त्यांच्या मते माणूस विसरतो, कंटाळतो, डुलकी काढतो. माणसावर अवलंबून नसते तिलाच व्यवस्था म्हणायचं. म्हणून शनिवारी सकाळी ते इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले.

दुकानदाराने त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि कपाटातून एक गाडी काढली. पुढे मोटारीवर फिरणारी दोन चाकं, मागे एक छोटं भिंगरी चाक, वर कप ठेवायला गोल खाच.

"हिच्या पोटात नखाएवढा जायरोस्कोप आहे," दुकानदार म्हणाला. "गाडी कुठल्या बाजूला किती वळली हे त्याला बरोबर कळतं. जरा वाट सोडली की ती स्वतःच सावरून घेते. नाकासमोर चालते साहेब."

साहेबांना ही गाडी फार आवडली. सगळ्या दुनियेत आपल्या स्वभावाचं कुणीतरी भेटलं असं त्यांना वाटलं. दुकानदाराने लॅपटॉपवर साडेअकरा फूट, डावीकडे काटकोन, साडेपाच फूट आणि पलंगापाशी दहा मिनिटं थांबून त्याच वाटेने परत, अशी वाट भरून दिली. गाडीच्या पोटाखालचं बटण दाबलं की एकदा टीं वाजायचं, मग दहा आकडे मोजायला लागतील इतका वेळ गाडी थांबायची, पुन्हा टीं वाजायचं आणि ती निघायची. डब्यात माहितीचा एक कागद होता. चौतीस वर्षं दुसऱ्यांसाठी सूचना लिहिलेल्या माणसाला सूचना वाचणं कमीपणाचं वाटतं. साहेबांनी डबा कागदासकट बायकोच्या पलंगावर टाकला आणि ते स्वयंपाकघरात गेले.

साहेबांची कंबर धरलेली असल्यामुळे त्यांना जमिनीवर वाकून बटण दाबता येत नसे. म्हणून ते गाडी ओट्यावर ठेवूनच बटण दाबत, मग तिला दोन्ही हातांत धरून वळत, देवाचं नाव घेत खाली बसत, ती फरशीच्या रेषेला लावत आणि तिच्यावर कप ठेवत. दुसरी टीं वाजेपर्यंत हे सगळं जेमतेम उरके.

पहिल्या फेरीला गाडी दोन फूट सरळ गेली, मग तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि ती मोठ्या दिमाखात उजवीकडे वळत वळत न्हाणीघरात शिरली. कप फुटला. दुसऱ्या फेरीला ती चपलांच्या कपाटावर आपटली. तिसऱ्या वेळी साहेब तिच्या बाजूने ओणवे चालत राहिले आणि ती वाकडी झाली रे झाली की कप उचलून घेतला. मग तो कप हातात घेऊन ते खोलीत गेले, बायकोच्या हातात दिला आणि पलंगाच्या कडेला टेकले.

"आली वाटतं गाडी," बायको म्हणाली.

"थट्टा करू नकोस. उजवीकडे जाते आहे. कारण सापडलं की झालं."

"सापडेल हो. चहा मात्र छान झालाय. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच पितेय मी तुमच्या हातचा, त्यामुळे ताडून बघायला दुसरा नाही."

वरच्या मजल्यावर एक निवृत्त बसड्रायव्हर राहत, त्यांना कप फुटल्याचा आवाज गेला होता. ते रविवारी सकाळी खाली आले, गाडीची एक फेरी पाहिली आणि एका डोळ्याने चाकांकडे बघत म्हणाले, "साहेब, गाडी ओढतेय. अलाइनमेंट गेलंय. माझी बारा नंबरची अशीच ओढायची. मी तिला सव्वीस वर्षं डावीकडे धरून चालवली."

त्यांच्या सल्ल्यावरून साहेबांनी उजव्या चाकाला रबर गुंडाळलं, मग ते काढून डाव्या चाकाला गुंडाळलं. गाडी उजवीकडेच गेली. शेवटी ड्रायव्हरकाका म्हणाले, "मग रस्त्यालाच उतार असणार," आणि साहेबांचे डोळे चमकले. आपली गाडी सरळ आहे आणि जग वाकडं आहे, ही शक्यता त्यांना नेहमीच जवळची वाटत आली होती.

सोमवारी त्यांनी पाण्याची नळी घेऊन सगळ्या घराची पातळी मोजली. पाव इंचाचा उतार निघाला, तोही डावीकडे. यावर विचार करत ते संध्याकाळी पुन्हा गाडी सोडायला गेले, आणि गाडी डावीकडे गेली. सरळ दिवाणखान्यात जाऊन सोफ्याखाली घुसली.

साहेब हबकले. मंगळवारी आणि बुधवारी त्यांनी वहीत नोंदी ठेवल्या. सकाळी उजवीकडे, संध्याकाळी डावीकडे, एकदाही चूक नाही. प्रत्येक फेरीनंतर ते अडवलेला कप घेऊन खोलीत जात, पलंगावर बसत आणि बायकोला वही दाखवत. ती प्लास्टरचा पाय उशीवर सरकवून त्यांना जागा करून देई, त्यांचे बाण तपासे आणि नको ते प्रश्न विचारी. एकदा तर दोघं इतका वेळ बोलत बसले की ओट्यावरचं दूध उतू गेलं.

"याचा अर्थ समजतोय का तुला?" बुधवारी साहेब आवाज खाली आणून म्हणाले. "सकाळी उतार एकीकडे, संध्याकाळी दुसरीकडे. म्हणजे फरशी नाही, इमारतच हलते आहे. उन्हाने एक बाजू तापते आणि इमारत कलते. संध्याकाळी परत येते."

"आणि आपण इतकी वर्षं तिच्यात झोपतोय," बायको म्हणाली आणि तिने चादर तोंडावर ओढून घेतली. ती घाबरली असं साहेबांना वाटलं. चादर हलत होती हे खरं.

इमारत डोलते हे कळल्यावर गप्प बसणं म्हणजे गुन्हा, अशा विचाराने साहेब तडक सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेले. सेक्रेटरीने अर्ज तीन प्रतींत मागितला आणि वाचून सांगितलं की हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत घेता येईल, साधारण चार महिन्यांनी.

"तोपर्यंत इमारतीने काय करायचं?"

"जशी आहे तशी राहायचं. सभेआधी तिला काही करता येणार नाही, तसा नियमच आहे."

पण बातमीला सभा लागत नाही. बुधवारी रात्रीपर्यंत घरोघरी लोक ताटांत पाणी ओतून बघू लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना आपल्या कपाटाचं दार संध्याकाळी आपोआप उघडतं हे आठवलं. तळमजल्यावरच्या होमिओपॅथ डॉक्टरांनी आपल्या चक्कर येणाऱ्या सगळ्या पेशंटांचं निदान बदललं. ड्रायव्हरकाका मात्र बेफिकीर होते, कारण हलत्या जागेत बसायची त्यांना सवय होती.

गुरुवारी साहेब नगरपालिकेत गेले. खिडकीवरच्या कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. त्यात तडे, गळती आणि पडझड असे तीन रकाने होते.

"आमची इमारत सकाळ-संध्याकाळ कलते," साहेब म्हणाले. "ते कुठे लिहायचं?"

"पडली आहे का?"

"नाही."

"मग पडझडीत येत नाही. 'इतर' वर खूण करा आणि वाट बघा."

साहेबांनी 'इतर' समोर खूण केली आणि कारण म्हणून चार पानी टिपण जोडलं. त्यांनी आयुष्यभर लोकांना सरकारी वाट बघायला लावली होती. आता ती बघायची पाळी आली. पण घडलं भलतंच. शनिवारी सकाळीच दारावरची घंटी वाजली आणि नगरपालिकेचा अभियंता हजर झाला. डोक्यावरचे केस पांढरे झाले असले तरी साहेबांनी त्याला लगेच ओळखलं. वीस वर्षांपूर्वी तो मोजणीखात्यात त्यांच्या हाताखाली उमेदवारी करत होता.

"अक्षर बघूनच ओळखलं साहेब," तो पाया पडत म्हणाला. "रेघ न आखता इतकं सरळ दुसरं कोण लिहिणार? म्हटलं, हा अर्ज दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही."

तो गच्चीवर जाऊन आला, जिन्यात ओळंबा सोडून आला, चारी कोपऱ्यांना त्याने यंत्र लावलं. तासाभराने तो सोफ्यावर बसला आणि जपून बोलू लागला. "साहेब, इमारत शहाण्यासारखी उभी आहे. जरा ती गाडी बघू का मी?"

साहेबांनी प्रात्यक्षिक दिलं. ओट्यावर बटण दाबलं, गाडी उचलली, वळले, खाली बसले, ती रेषेला लावली. गाडी निघाली आणि उजवीकडे वळून न्हाणीघरात गेली.

"आता संध्याकाळी कसं करता ते दाखवा."

"तसंच. फक्त स्वयंपाकाच्या बाई गॅसपाशी असतात, म्हणून मी ओट्याच्या या टोकाला उभा राहतो." साहेबांनी पुन्हा सगळं केलं. या टोकाहून त्यांना डाव्या खांद्यावरून वळावं लागलं. गाडी डावीकडे वळून सोफ्याखाली गेली. तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते.

अभियंता वाकून सोफ्याखालून गाडी काढून आला. मग म्हणाला, "साहेब, आमच्या ऑफिसात असल्या जायरोची दोन यंत्रं आलीत. चालू केल्यावर पहिले पाच सेकंद त्यांना हात लावायचा नसतो. तेवढ्या वेळात ते ठरवतं की स्थिर असणं म्हणजे काय. नेमकं तेव्हाच तुम्ही त्याला हातात घेऊन गोल फिरता. त्याला वाटतं, हे असं वळणं म्हणजेच स्थिर राहणं. मग खाली ठेवल्यावरही ते तसंच वळत राहतं. ज्या खांद्यावरून तुम्ही वळाल, त्या बाजूला."

साहेबांनी वही उघडून आपले बाण पुन्हा एकदा पाहिले.

"तुम्हीच शिकवलंत आम्हाला," अभियंता नजर चुकवत म्हणाला. "यंत्र मांडताना कुणाचा तिपाईला नुसता धक्का लागला तरी तुम्ही आठवडाभर त्याच्याशी बोलायचा नाहीत."

आठवडाभर स्वतःशी न बोलणं शक्य नव्हतं, नाहीतर साहेबांनी तेही केलं असतं. कान लाल झालेल्या अवस्थेत त्यांनी एवढंच विचारलं, "अहवालात काय लिहिणार तू?"

"इमारत स्थिर. तक्रारीचं कारण, स्थानिक हालचाल."

हा माणूस आपल्या हाताखाली तयार झाला याचा त्या घटकेला साहेबांना फार अभिमान वाटला.

तो गेल्यावर साहेबांनी ओट्याशेजारी एक बुटकी तिपाई आणून ठेवली आणि तिच्यावरून फरशीपर्यंत एक फळी टेकवली. आता गाडी तिपाईवर ठेवायची, बटण दाबायचं, कप ठेवायचा आणि हात मागे घ्यायचा. गाडी दहा आकडे निश्चल उभी राहिली, फळीवरून अलगद उतरली, नाकासमोर गेली, दारापाशी डावीकडे काटकोनात वळली आणि दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने ती रिकामा कप घेऊन उलट्या पावली परतली. साहेबांचे डोळे भरून आले. दुपारी एक, संध्याकाळी दोन आणि रविवारी सकाळी आणखी दोन, असे पाच कप बिनचूक गेले. साहेब स्वयंपाकघरात खुर्ची टाकून, पायावर पाय ठेवून वर्तमानपत्र वाचत बसले.

अकराला मेहुणीबाई आल्या. त्यांनी चपला काढायच्या आधीच व्यवस्था कुठे आहे असं विचारलं. साहेबांनी त्यांना बहिणीजवळ बसवलं, स्वयंपाकघरात जाऊन बटण दाबलं आणि हाताची घडी घातली. गाडी काटकोनात वळून पलंगापाशी थांबली. कपातला चहा बशीतसुद्धा सांडला नव्हता.

मेहुणीबाईंनी चष्मा काढून पुसला. "भाऊजी, मला बोलायला जागा ठेवली नाहीत तुम्ही," त्या म्हणाल्या. "राहू दे तिला इथेच."

साहेब दारात उभे राहून कौतुक झेलत होते. बायकोने कप उचलला, एक घोट घेतला, तो परत गाडीवर ठेवला आणि म्हणाली, "ताई, माझी बॅग भर. मी येते तुझ्याकडे."

"अगं, पण," साहेब म्हणाले.

"पण काय? कालपासून सहा कप आले. सहाही वेळेवर. कपाबरोबर कोणी आलं नाही." ती आता त्यांच्याकडे न बघता पांघरुणाची कड नीट करत होती. "आठवडाभर दर कपाला तुम्ही आत यायचात. इथे बसायचात. उतार काय, वही काय, इमारत काय. इतकं तर तुम्ही लग्नाच्या पहिल्या वर्षातही बोलला नव्हतात माझ्याशी. मला वाटलं, पाय मोडला ते बरंच झालं. आता गाडी येते आणि गाडी जाते. त्यापेक्षा ताई बरी, ती निदान ओरडते तरी."

साहेबांनी गाडीकडे बघितलं. मग साहेबांनी विचारलं, "म्हणजे ती बिघडलेलीच बरी होती?"

"बिघडली कुठे होती? तुम्ही डब्यातला कागद माझ्याच अंगावर टाकला होतात. दिवसभर पडून काय करू, वाचला. रविवारीच कळलं होतं मला, पहिली टीं झाली की हात लावायचा नाही म्हणून. इथून ऐकू यायचं ना, टीं वाजली रे वाजली की तुमच्या चपलांची फरफर सुरू."

"आणि तू मला इमारत हलते असं नगरपालिकेला कळवू दिलंस?"

"तुम्ही इतके रंगला होतात, की मला मोडवेना."

ओळंबासाहेबांचा स्वाभिमान त्या आठवड्यात बऱ्याच वेळा दुखावला होता, पण इतका नाही. तरी ते रागावले नाहीत. ते आत आले आणि पलंगाच्या कडेला बसले. "तू जाऊ नकोस," ते म्हणाले. "तू नसलीस तर मला करमत नाही. ती गाडी तेवढ्यासाठीच आणली होती मी." चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी तोंडी दिलेला हा पहिलाच अहवाल होता, आणि मेहुणीबाईंसमोर दिल्यामुळे त्याला साक्षीदारही होता.

बायकोने हातातली कड सोडली. "चहा निवलाय," ती म्हणाली. "दुसरा करून आणा. आणा म्हणतेय मी, पाठवा नाही."

साहेब स्वयंपाकघरात गेल्यावर दोघी बहिणी बराच वेळ कुजबुजत होत्या. तिसरा कप संपवून मेहुणीबाई निघाल्या तेव्हा त्यांनी बहिणीसाठी आणलेली मोठी बॅग रिकामी नव्हती.

"ही गाडी मी नेते," त्या म्हणाल्या. "आमच्याकडचे निवृत्त झाल्यापासून खुर्चीतून उठलेले नाहीत. हो आणि नाही सोडून तिसरा शब्द ऐकून मला सहा वर्षं झाली. रंग दिला घराला, तोही त्यांच्या लक्षात आलेला नाही."

बुधवारी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता, पण खाली आणलेला.

"भाऊजी, गाडी सारखी उजवीकडे जाते. हे सकाळपासून तिच्यामागे घरभर रांगतायत. तीनदा चहा हातात आणून दिला त्यांनी मला. आत्ता शेजारी येऊन बसले आणि अर्धा तास बोलत होते."

साहेबांच्या अंगावर काटा आला. एक चांगलं यंत्र कुणीतरी चुकीच्या पद्धतीने चालू करतंय हे ऐकून घेणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. "ताई, त्यांना फोन द्या. दोन मिनिटांत सांगतो. पहिली टीं वाजली की..."

"माहीत आहे मला. कागद माझ्याजवळ आहे," मेहुणीबाई म्हणाल्या. "त्यांना एक अक्षर जरी सांगितलंत ना, तर मी येईन आणि तिला खरंच घेऊन जाईन."

साहेबांनी मुकाट्याने फोन ठेवला. ओट्यावरचे दोन कप उचलून ते सांडणार नाही अशा बेताने खोलीत गेले आणि पलंगाच्या कडेला टेकले.

"काय म्हणत होती ताई?" बायकोने विचारलं.

"विशेष काही नाही," साहेब तिच्या हातात कप देत म्हणाले. "साडूभाऊंना त्यांच्या घराचा उतार सापडलाय."